तेलविहिरीत खोल उतरवलेलं अवजार सोडवण्याची पद्धत आणि पेटंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव भागात तेलाचा थेंब नाही. तरीही तेलविहिरीत जाणारे पार्ट उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या शेडांमध्ये टर्न होतात, आणि पेटंटबद्दलचे प्रश्न तिथूनच येतात. काही प्रश्न शिनोळीहून येतात, काही अथणी-रायबागकडच्या बोअरवाल्यांकडून, आणि प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की इंजिनिअरिंगच्या मुलांकडून. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतीय कायद्याची आहेत. परदेशाचा संबंध आला तिथे तसं लिहिलं आहे.

१. आम्ही ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवून देतो. पण अवजार "रिलीज" होणं म्हणजे नेमकं काय?

तेलविहिरी बहुधा काही किलोमीटर खोल असतात. पॅकर, ब्रिज प्लग (दोन्ही विहिरीतली जागा आतून बंद करणारे), लायनर हँगर (आतली नळी टांगणारा) अशी अवजारं नळ्यांच्या लांब माळेला किंवा वायरलाइनला (पोलादी केबलला) जोडून खाली सोडतात. अवजार जागेवर बसलं की त्याला घेऊन गेलेलं रनिंग टूल त्यातून सुटून वर यायला हवं. हे सोडवणं नेहमीच्या कामाचा भाग आहे. माळ फिरवून आटे सोडतात, जे-स्लॉटमधून (इंग्रजी जे आकाराच्या खाचेतून) लग म्हणजे खुंटी बाहेर काढतात, किंवा वरून चेंडू टाकून, तो सीटवर बसला की दाब देऊन शिअर पिन (ठरावीक जोराला तुटणारी पिन) तोडतात. पिन तुटली की आतली स्लीव्ह सरकते, कॉलेटच्या (चिरा पाडलेल्या पकडीच्या) बोटांचा आधार जातो आणि पकड सुटते.

दुसरा प्रकार अडचणीच्या वेळचा. वायरलाइनच्या केबल हेडमध्ये मुद्दाम एक कमजोर दुवा ठेवलेला असतो. अवजार अडकलं तर केबल कुठेतरी मध्येच तुटण्यापेक्षा त्या दुव्यापाशी सुटावी, हा हेतू. तेही जमलं नाही तर ओव्हरशॉट (बाहेरून धरणारं), स्पिअर (आतून धरणारं), जार (झटका देणारं) घेऊन फिशिंग, म्हणजे अडकलेली वस्तू बाहेर काढण्याचं काम, करावं लागतं. तुमच्याकडे ऑर्डर येते ती पितळी पिन, खाचांचा मँड्रेल किंवा चिरा पाडलेला कॉलेट बहुधा यांपैकीच कशाचा तरी भाग असतो.

२. ही वस्तू नाही, नुसती पद्धत आहे. पद्धतीला पेटंट मिळतंय काय?

मिळतं. पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जे) मध्ये शोधाची व्याख्या "उत्पादन किंवा प्रक्रिया" अशी आहे.

शंका येते ती जुन्या विचारामुळे. पद्धतीतून विकता येईल अशी वस्तू बाहेर पडली तरच पेटंट, असं ब्रिटिश वळणाच्या कायद्यात बराच काळ मानलं जाई. अवजार सोडवल्यावर विकण्यासारखं काहीच तयार होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने १९५९ साली तण मारण्याच्या पद्धतीच्या खटल्यात (एनआरडीसी प्रकरण) ही अट सैल केली. आपल्याकडे २००२ च्या दुरुस्तीने व्याख्याच बदलली. त्याच दुरुस्तीत कलम ३(जी) सुद्धा गेलं, ज्यामुळे निर्मितीदरम्यानच्या चाचणीच्या पद्धती पेटंटबाहेर राहत.

काही पद्धती आजही बाहेर आहेत, उदाहरणार्थ रोग्यावरचे उपचार (कलम ३(आय)) आणि शेती-बागायतीच्या पद्धती (कलम ३(एच)). विहिरीतल्या कामाचं नाव त्या यादीत नाही. पाणी शेवटी उसाला जातं म्हणून बोअरमधून मोटर काढणं ही काही शेतीची पद्धत होत नाही.

३. मग अट काय आहे?

शोध नवा हवा, त्यात कल्पक पाऊल हवं, आणि तो उद्योगात वापरता यायला हवा. तिसरी अट इथे आपोआप पुरी होते. पहिलीसाठी प्रश्न ४ पाहा. खरी झटापट दुसरीवर होते.

कल्पक पाऊल म्हणजे माहीत असलेल्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, आणि त्यावर त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज न सुचणारं असं काही. लेथवर काम करणाऱ्या प्रत्येकाने एक निकाल माहीत करून घ्यावा: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. भांडी लेथवर पकडून टर्न करण्याच्या साधनाचं पेटंट होतं. न्यायालयाने ते रद्द ठरवलं. नुसती वर्कशॉपमधली सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे त्या निकालाचं सार. पकड सुधारली आणि काम भराभर झालं एवढ्यावर भागत नाही. कुशल कारागिराला ते आपोआप सुचलं असतं का, हा प्रश्न उरतोच.

४. आमची कल्पना आधी कुणाची आहे का, हे कुठं बघायचं?

भारतीय पेटंट ऑफिसच्या इनपास या शोधसेवेवर, युरोपियन ऑफिसच्या एस्पेसनेटवर आणि गूगल पेटंट्सवर. तिन्ही फुकट आहेत. नुसते शब्द टाकून शोधू नका, कारण एकाच गोष्टीला प्रत्येक कंपनीचा शब्द वेगळा असतो. वर्गीकरणाचा कोड वापरा. टूल बसवणं, लॉक करणं, सोडवणं हे ई२१बी २३/०० मध्ये येतं. अडकलेली वस्तू मोकळी करणं आणि फिशिंग ई२१बी ३१/०० मध्ये. सुटणारे जोड, सेफ्टी जॉइंट वगैरे ई२१बी १७/०६ मध्ये. पॅकर आणि प्लग ई२१बी ३३/१२ मध्ये. कोड टाईप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी घ्या.

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. या कोडांखाली अनेक दशकांचे दस्तऐवज आहेत, आणि मुदत संपलेलं अमेरिकन पेटंटही तुमच्या अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून तितकंच चालतं. तरीही हिरमोड अर्ज भरण्याआधी झालेला बरा.

५. कुठल्या प्रकारचा बदल टिकतो आणि कुठला नाही? उदाहरण द्या.

तीन कल्पित उदाहरणं घेऊ.

पहिलं: पितळी शिअर पिनऐवजी ब्राँझची पिन, आणि पिन तुटण्याचा दाब त्यामुळे बदलला. टिकणार नाही. पिनची धातू आणि जाडी बदलून दाब ठरवणं हेच तर त्या धंद्यातलं रोजचं काम.

दुसरं: चेंडू टाकून सोडवण्याची सोय आहे, ती फेल गेली तर म्हणून खाली डावीकडे फिरवून सोडवण्याची सोयही जोडली. दोन्ही यंत्रणा आपापलं काम स्वतंत्रपणे करत असतील तर कलम ३(एफ) आडवं येतं. माहीत असलेल्या उपकरणांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक उपकरण आपल्यापुरतं चालतं, तो शोध नव्हे. पण पहिली यंत्रणा फेल जाण्यामुळेच दुसरीचं कुलूप उघडत असेल, एरवी उघडतच नसेल, तर चित्र बदलतं. आता त्या दोघी मिळून एक काम करतात.

तिसरं: दाब वाढला की पिन तुटते अशी रचना आहे. सिमेंट पंप करताना दाबाचा झटका आला तर टूल वेळेआधी सुटतं, ही अडचण. तुम्ही ठरवता की दाब चढताना फक्त कुलूप निघावं आणि प्रत्यक्ष सुटणं दाब उतरताना व्हावं, तेही माळेवर ठरावीक ओढ असेल तरच. इथे पायऱ्यांच्या क्रमातून एक ठरावीक अडचण सुटते, आणि क्रम उलटा केला तर फायदा जातो. पद्धतीचा क्लेम (अर्जात नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य) अशा जागी उभा राहतो. दाबाच्या चढ-उतारावर चालणारी टूल्स आधीपासून आहेत, त्यामुळे तुमचा क्रम त्यांच्यापेक्षा कुठे वेगळा आहे ते मात्र ओळीओळीने दाखवावं लागेल.

माझं मत विचाराल तर अर्जात "आमचं टूल सहज सुटतं" हे वाक्य जिथे दिसेल तिथे खोडा. परीक्षकाला ते कसं सुटतं आणि इतरांचं तसं का सुटत नाही, हे हवं असतं.

६. अथणीकडं बोअरमध्ये सबमर्सिबल मोटर अडकते. तेलविहिरीचं ओव्हरशॉट बारीक करून आम्ही वापरतो. याचं पेटंट होईल काय?

फक्त "तिकडचं इकडे वापरलं" एवढंच असेल तर नाही. कलम ३(डी) बद्दल लोकांना वाटतं की ते फक्त औषधांचं. २०१३ च्या नोव्हार्टिस निकालामुळे ते त्याच संदर्भात गाजलं. पण त्याच कलमाचा शेवटचा भाग माहीत असलेली प्रक्रिया, यंत्र किंवा उपकरण नुसतं वापरण्यालाही लागू आहे. अपवाद फक्त नवं उत्पादन तयार होत असेल किंवा निदान एक नवा अभिकारक लागत असेल तर. मोटर बाहेर काढण्यात यातलं काहीच नाही. आकार लहान केला म्हणूनही ते नवं होत नाही.

मात्र आपल्याकडची बोअर आणि तेलविहीर यांत मोठा फरक आहे, आणि पेटंट मिळण्यासारखं काही असेल तर ते त्या फरकातच सापडेल. तेलविहिरीत बहुतेक लांबीभर पोलादी केसिंग, म्हणजे भिंतीला आधार देणारी नळी, असते. आपल्या कठीण खडकातल्या बोअरला केसिंग फक्त वरच्या मऊ थरापुरतं, खाली उघडा खडक. मोटरसोबत केबल आणि दोरी लोंबत असते, कॉलम पाईप कित्येकदा प्लास्टिकचा, आणि वरून पडलेले खडे मोटर व भिंतीमध्ये पाचरीसारखे बसतात. पोलादी नळीवर घट्ट बसणारी पकड प्लास्टिकचा पाईप चिरडून टाकते. ही अडचण ओळखून तुम्ही पकडीची रचनाच बदलली असेल, समजा केबल बाजूला सरकवून खालून मोटरच्या बॉडीला धरणारी, तर ते नुसतं वापरणं राहत नाही. तेव्हा अर्जात "बोअरसाठी वापर" असं लिहू नका. बदललेल्या रचनेचं वर्णन करा आणि क्लेम अवजारावर मागा.

७. युक्ती आमच्या मिस्त्रीची आहे. नाव कुणाचं घालायचं?

शोधक म्हणून मिस्त्रीचं. अर्जदार तुम्ही असू शकता, पण त्यासाठी त्याच्याकडून हक्क लेखी लिहून घ्यायला हवा. पगारी माणसाने लावलेला शोध आपोआप मालकाचा होतो, असं पेटंट कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. नेमणुकीच्या करारात काय आहे यावर ते ठरतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच शेडांमध्ये असा करारच नसतो. आणि ती युक्ती परिसरातले सगळे बोअरवाले आधीपासून वापरत असतील तर ती मिस्त्रीचीही नाही. नवेपणा तिथेच संपला.

८. कंपनीच्या ड्रॉइंगवर आम्ही सुधारणा सुचवली, त्यांनी ती घेतली. आता हक्क कुणाचा?

सुधारणा खरोखर कल्पक असेल तर शोधक तुम्ही. पण आधी पर्चेस ऑर्डरच्या मागची बारीक अक्षरं वाचा. सुचवलेल्या सुधारणा खरेदीदाराच्या होतील असं तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं. दुसरं, सुचवताना गुप्ततेचा करार होता का? नसेल तर प्रश्न ९ पाहा.

९. विहिरीत चालवून बघितल्याशिवाय अर्ज कसा करायचा? चाचणी केली तर पेटंट जातं म्हणतात.

चाचणी झाली म्हणून पेटंट जात नाही, उघडेपणामुळे जातं. कलम ३२ मध्ये सवलत आहे. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, फक्त वाजवी चाचणीसाठी, आणि शोधाचं स्वरूपच असं असेल की चाचणी लोकांसमोर करणं भाग आहे, तर तेवढ्याने नवेपणा जात नाही. कलम ३१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडणं किंवा विद्वत्संस्थेसमोर निबंध वाचणं यांसाठी बारा महिन्यांची सूट आहे. कलम ३१ ची सवलत मागण्यासाठी २०२४ च्या नियमांत फॉर्म ३१ आला.

या सवलती अरुंद आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. चाचणीसोबत बिल फाडलं तर ती चाचणी की विक्री, असा वाद उभा राहतो. मोटर बाहेर येतानाचा व्हिडिओ कुणी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर ती चाचणी मुळीच नव्हे. परदेशात तर ही सूट बऱ्याच ठिकाणी चालतही नाही.

सोपा रस्ता असा: कल्पना कागदावर पुरेशी स्पष्ट झाली की तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, भरा आणि मग चाचणी करा. बारा महिन्यांत पूर्ण तपशीलाचा अर्ज द्यावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असं समजतात. कॉलेजच्या मुलांनी प्रोजेक्ट प्रदर्शनात लावण्याआधी हे करायचं, नंतर नव्हे.

१०. आम्ही बेळगावचे. अर्ज मुंबईला करायचा की चेन्नईला? आणि मराठीत चालतो काय?

कर्नाटक चेन्नई कार्यालयाच्या हद्दीत येतं, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या. अर्जदार कुठे राहतो, त्याचा धंदा कुठे आहे किंवा शोध प्रत्यक्ष कुठे लागला, यावर कार्यालय ठरतं. म्हणजे मच्छेतली शेड चेन्नईला आणि हाकेच्या अंतरावर, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीतली शेड मुंबईला. एकदा ठरलेलं कार्यालय सहसा बदलत नाही. अर्ज ऑनलाइन होत असल्याने फरक फारसा जाणवत नाही.

भाषा मात्र इंग्रजी किंवा हिंदी. मराठी नाही, कन्नडही नाही. निदान या एका बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच वागणूक आहे.

११. खर्च किती?

ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांना १६०० रुपये, इतरांना ८००० रुपये. परीक्षणाची विनंती अनुक्रमे ४००० आणि २०,००० रुपये. लघुउद्योग म्हणून सवलत हवी तर उद्यम नोंदणी आणि फॉर्म २८ लागतो. तीस पानं किंवा दहा क्लेमच्या वर गेलात तर जादा शुल्क. एजंटची फी वेगळी, आणि बहुतेक खर्च तिथेच होतो. परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांत करायची असते. हे लोक विसरतात आणि अर्ज मरतो.

१२. क्लेम टूलवर मागायचा की पद्धतीवर?

दोन्हींवर. एकाच कल्पक संकल्पनेतून येत असतील तर एका अर्जात बसतात. आणि हे सुरुवातीलाच करा. कलम ५९ मुळे नंतरची दुरुस्ती फक्त कमी करणं, चूक सुधारणं किंवा खुलासा करणं एवढीच होऊ शकते. मूळ वर्णनात नसलेली पायरी मागाहून घुसवता येत नाही.

आणखी एक सापळा: "टूल अडकल्यास ते सोडवणारं साधन" असा मोघम क्लेम. याची जुनी कहाणी तेलधंद्यातलीच आहे. अमेरिकेत वॉकर नावाच्या शोधकाकडे विहिरीतल्या द्रवाची खोली प्रतिध्वनीवरून मोजण्याचं पेटंट होतं. १९४६ साली हॅलिबर्टन (तेलविहिरींची कामं करणारी कंपनी) विरुद्ध वॉकर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याचे क्लेम उडवले, कारण नव्या भागाचं वर्णन त्याच्या कामावरून केलं होतं, रचनेवरून नव्हे. १९५२ च्या तिथल्या कायद्याने ही पद्धत थोडी मोकळी केली, पण तपशीलात दिलेल्या रचनेपुरतीच. आपल्याकडेही क्लेम स्पष्ट आणि तपशीलावर आधारलेला लागतो. पायऱ्या लिहा: कशाने धरलं, काय केलं, काय सरकलं, काय सुटलं.

१३. पद्धतीचं पेटंट मिळालं. शेजारच्या शेडवाल्यानं तसलंच टूल बनवलं तर त्याला रोखता येतंय काय?

त्याला थेट रोखणं अवघड. अर्ज करण्याआधी हे समजून घेतलेलं फार बरं.

कलम ४८ प्रमाणे पद्धतीच्या पेटंटने ती पद्धत वापरणाऱ्याला आणि त्या पद्धतीतून थेट मिळालेली वस्तू विकणाऱ्याला रोखता येतं. सोडवण्याची पद्धत वापरतो विहिरीवरचा ऑपरेटर. शेजारी फक्त टूल बनवतो. दुसऱ्याच्या उल्लंघनाला हातभार लावणाऱ्यासाठी आपल्या पेटंट कायद्यात वेगळं कलम नाही. बरं, ऑपरेटरवर दावा लावायचा तर तो तुमचं गिऱ्हाईकच.

पुरावा ही त्याहून मोठी अडचण. प्रक्रियेच्या पेटंटमध्ये पुराव्याचं ओझं समोरच्यावर टाकण्याची सोय कलम १०४ए मध्ये आहे, पण ती वस्तू तयार करणाऱ्या प्रक्रियेपुरती. सोडवण्यातून वस्तूच तयार होत नाही, म्हणजे ती सोय तुम्हाला नाही. तीन किलोमीटर खाली दाब आधी चढला की ओढ आधी लागली, हे तुम्हीच सिद्ध करायचं. विहिरीवरच्या नोंदी ऑपरेटरच्या ताब्यात. म्हणून माझा सल्ला: लघुउद्योगासाठी टूलचा क्लेम हा मुख्य, पद्धतीचा क्लेम जोडीला.

अमेरिकेत गणित वेगळं आहे. तिथल्या कायद्यात पेटंट असलेल्या पद्धतीसाठी खास बनवलेला भाग जाणूनबुजून विकणारा किंवा आयात करणाराही जबाबदार धरला जातो, आणि उल्लंघनाला चिथावणी देणारा देशाबाहेर बसूनही सापडू शकतो. ह्यूस्टनला माल पाठवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या पद्धतीची पेटंटं म्हणूनच तपासून घ्यावीत.

१४. गिऱ्हाईक सरकारी तेल कंपनी असेल तर?

कलम ९९ आणि १०० वाचा. केंद्र सरकारला, आणि त्याने लेखी अधिकार दिलेल्याला, सरकारी उपक्रमाच्या कामासाठी शोध वापरता येतो. सामान्यतः मोबदला द्यावा लागतो, पण नकार देण्याचा हक्क तुमच्याकडे उरत नाही. रोजच्या खरेदीत हे कुणी वापरत नाही, पण तरतूद आहे.

१५. सेन्सर आणि प्रोग्रॅम ठरवतो की टूल कधी सोडायचं. ते सॉफ्टवेअर म्हणून नाकारतील काय?

सॉफ्टवेअरच्या बाबतीत कलम ३(के) फक्त निव्वळ प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम बाहेर ठेवतं. दिल्ली हायकोर्टाने २०१९ च्या फरीद अल्लानी निकालात तांत्रिक परिणाम पाहण्यावर भर दिला. प्रोग्रॅमच्या आदेशाने खरोखरचा व्हॉल्व्ह उघडत असेल आणि टूल सुटत असेल तर तुमची बाजू बळकट. इंग्लंडमध्ये २०११ साली हॅलिबर्टनचा ड्रिल बिट संगणकावर डिझाइन करण्याच्या पद्धतीचा अर्ज "मनातल्या मनात करण्याची कृती" म्हणून नाकारला गेला होता. तिथल्या न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला. पण तुमचा क्लेम स्क्रीनवर "आता सोडा" एवढंच दाखवून थांबत असेल, तर त्रास होणार.

१६. थेट अमेरिकेत अर्ज केला तर?

भारतात राहणाऱ्याने आधी कलम ३९ ची परवानगी घ्यायची, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. न केल्यास इथला अर्ज सोडून दिल्यासारखा समजला जातो, आणि तो गुन्हाही आहे.

१७. पेटंट नको, गुपित ठेवतो. दोन-चार वर्षं धंदा करून मग बघू. चालतंय की?

यातला पहिला अर्धा भाग चालतो. हीट ट्रीटमेंटचं तापमान, पिनच्या धातूची बॅच तपासण्याची रीत, अशा टूल उघडून न कळणाऱ्या गोष्टी गुपित ठेवणं शहाणपणाचं. पण कॉलेटचा आकार पहिला नग विकला की कुणीही कॅलिपर लावून मोजतो.

दुसरा अर्धा चालत नाही. अर्जाआधी शोध भारतात गुप्तपणे वापरला असेल तर कलम ६४(१)(एल) खाली पेटंट रद्द होऊ शकतं. वाजवी चाचणीला तिथेही सूट आहे, धंद्याला नाही.